वाय-फायच्या रांगेत पहिला मान कोणाचा?

घरात शंभर मेगाबिटचे ब्रॉडबँड असते, भिंतीवरच्या राऊटरचे सगळे दिवे हिरवे असतात आणि तरीही पुण्याहून शिकागोला लावलेला व्हिडिओ कॉल नेमका महत्त्वाच्या वाक्याला तुटतो. पलीकडचा चेहरा गोठतो, आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो आणि ‘ऐकू येतंय का?’ या एकाच प्रश्नावर संभाषण अडून बसते. त्याच वेळी आतल्या खोलीत कोणाच्या तरी मोबाइलमधून लग्नाचे दोनशे फोटो ‘क्लाउड’वर चढत असतात. पुरवठादाराकडे तक्रार केली की त्याचा माणूस येऊन वेग मोजून दाखवतो. वेग पुरेसा भरतो. ग्राहक मग नाइलाजाने आणखी महाग योजना घेतो आणि पुढच्या रविवारी कॉल पुन्हा तुटतो.

येथे दोष बहुतेकदा वेगाचा नसतो, रांगेचा असतो. नेटवर्कवरून जाणारी प्रत्येक गोष्ट, मग तो आवाज असो, चित्र असो वा बँकेचा व्यवहार, लहान लहान पॅकेट्समध्ये विभागली जाते. वाट मोकळी नसेल तेव्हा ही पॅकेट्स उपकरणाच्या स्मृतीत रांग लावून उभी राहतात. या रांगेत कोणाला पुढे घ्यायचे, कोणाला थांबवायचे आणि कोणाला सरळ बाहेर काढायचे, हे ठरवण्याच्या शास्त्राला ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. तंत्रज्ञांच्या बोलीतले ‘क्यूओएस’ ते हेच. राऊटरच्या सेटिंगमध्ये हा शब्द अनेकांनी पाहिलेला असतो. त्यापुढची चौकोनी खूण केली म्हणजे नेमके काय होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

भूक थोडी, घाई फार

आवाज हा नेटवर्कवरचा सर्वांत मिताहारी प्रवासी आहे. दूरध्वनीच्या जी.७११ या जुन्या आणि अजूनही प्रचलित प्रमाणानुसार माणसाच्या बोलण्याला सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात. साधारणपणे दर २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचे एक पॅकेट होते, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट्स. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि त्यावर पत्त्याबित्त्याचे ४० बाइट. सारे मिळून हिशेब ८० किलोबिटच्या आसपास जातो. शंभर मेगाबिटच्या जोडणीचा हा हजारावा हिस्साही नव्हे.

पण त्याला थांबणे जमत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द ऐकणाऱ्याच्या कानी १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. त्याहून उशीर वाढत गेला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात. ईमेल तीन सेकंद उशिरा आले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चित्रपट पाहताना पुढचा काही सेकंदांचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो, त्यामुळे तोही निर्धास्त असतो. व्हिडिओ कॉलला ही सोय नाही. पुढचे वाक्य अजून कोणी उच्चारलेलेच नसते.

रांगेचे गणित इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणिती ए. के. अर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉलविषयीचा आपला पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि प्रतीक्षा हा अभ्यासाचा विषय झाला. इंटरनेटच्या पॅकेटवर प्राधान्याची खूण करण्यासाठी जागा तर १९८१ च्या मूळ नियमावलीतच राखलेली होती. १९९८ मध्ये तिची नव्याने आखणी झाली आणि सहा बिटांत ६४ वेगवेगळ्या खुणा बसू लागल्या. या खुणेला ‘डीएससीपी’ म्हणतात. पुढे हे नाव पुन्हा येणार आहे.

राजधानी पुढे, पॅसेंजर लूपमध्ये

प्राधान्य म्हणजे काय, हे कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. बहुतांश मार्ग एकेरी. दिव्याहून सुटलेली सावंतवाडीची गाडी एखाद्या लहानशा स्थानकात ‘क्रॉसिंग’ला उभी राहते, प्रवासी फलाटावर उतरून पाय मोकळे करतात आणि काही वेळाने राजधानी धडधडत निघून जाते. राजधानीला मान मिळाला म्हणून रुळांची संख्या वाढलेली नसते. तिची वाचलेली पंधरा मिनिटे दुसऱ्या कोणीतरी स्थानकात बसून भरलेली असतात. नेटवर्कमधील प्राधान्यही असेच आहे. ते वहनक्षमता निर्माण करत नाही, थांबण्याचे वाटप तेवढे करते.

या उपमेतून आणखी एक बारकावा ध्यानात येतो. मालगाडी एकदा दोन स्थानकांमधल्या टप्प्यात शिरली की मागून राजधानी आली तरी तिला मध्येच बाजूला काढता येत नाही. पॅकेटचेही तेच. दीड हजार बाइटचे एक मोठे पॅकेट सेकंदाला दोन मेगाबिटच्या वाटेवर पाठवायला सहा मिलिसेकंद लागतात. ते निघाले असेल, तर आवाजाच्या पॅकेटला कितीही वरचा मान असला तरी तेवढा वेळ गप्प उभे राहावे लागते. वाट जितकी मंद, तितका हा नाइलाजाचा वेळ मोठा.

आणि मध्यरात्री मार्ग मोकळा असेल तेव्हा राजधानी काय आणि मालगाडी काय, कोणालाच थांबावे लागत नाही. रांगच नसेल तर प्राधान्याला अर्थ नाही. राऊटरमध्ये क्यूओएस सुरू करून ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींची गंमत इतकीच असते, की त्यांनी परीक्षा रिकाम्या मार्गावर घेतलेली असते.

हवेत स्टेशनमास्तर नसतो

येथपर्यंतचे सारे तारेच्या नेटवर्कलाही लागू आहे. बिनतारी उपकरणांत मूलभूत अडचण वेगळी आहे. तारेवर रांग एका उपकरणाच्या पोटात असते आणि तेच उपकरण स्टेशनमास्तरचे काम करते. वाय-फायमध्ये घरातील चार मोबाइल, दोन लॅपटॉप, टीव्ही आणि स्वतः अ‍ॅक्सेस पॉइंट अशा प्रत्येकाच्या पोटात आपापली रांग असते आणि त्या सर्वांना एकच हवा वापरायची असते. एका वेळी एकानेच बोलायचे. कोणी बोलायचे, हे ठरवणारा कोणी नाही.

त्यामुळे वाय-फायचे प्रत्येक उपकरण आधी कान देऊन ऐकते. हवा शांत झाली की ठरावीक क्षण थांबते, मग मनातल्या मनात एक चिठ्ठी उचलते आणि चिठ्ठीवर जितका आकडा असेल तितके ठोके मोजून बोलू लागते. मोजता मोजता दुसरा कोणी बोलू लागला तर मोजणी तेथेच थांबवते आणि पुन्हा शांतता झाली की पुढे चालू करते. दोघांचे आकडे सारखे निघाले तर दोघे एकदम बोलतात, पॅकेट्स एकमेकांवर आदळून वाया जातात आणि पुढच्या खेपेला चिठ्ठ्यांची संख्या वाढवून पुन्हा प्रयत्न होतो. १९९७ च्या पहिल्या वाय-फाय प्रमाणापासून ही पद्धत चालत आली. तिच्यात सर्वांना समान संधी होती. आवाजाच्या पॅकेटला आणि फोटोंच्या ढिगाऱ्याला वेगळे ओळखण्याची सोय मात्र नव्हती.

ही सोय ८०२.११ई या प्रमाणाने आणली. ते २००५ मध्ये मंजूर झाले. पण बाजाराला इतका धीर नव्हता. वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघटनेने त्यातील तयार भाग उचलून २००४ च्या सप्टेंबरमध्येच ‘वाय-फाय मल्टिमीडिया’ अर्थात ‘डब्ल्यूएमएम’ या नावाने प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. प्रत्येक उपकरणात एकाऐवजी चार रांगा आल्या: आवाज, व्हिडिओ, सर्वसाधारण आणि पार्श्वभूमी. शेवटच्या रांगेत ज्यांना मुळीच घाई नाही अशांना उभे करायचे.

युक्ती साधी पण कल्पक आहे. स्टेशनमास्तर नेमता येत नाही, तर चिठ्ठ्याच वेगवेगळ्या वाटाव्यात. आजच्या प्रचलित मूल्यांनुसार आवाजाचे पॅकेट हवा शांत झाल्यावर ३४ मायक्रोसेकंद थांबते आणि शून्य ते तीन एवढ्याच आकड्यांतून चिठ्ठी उचलते. सर्वसाधारण पॅकेट ४३ मायक्रोसेकंद थांबते आणि त्याच्या चिठ्ठ्या शून्य ते पंधरापर्यंत असतात. पार्श्वभूमीचे पॅकेट ७९ मायक्रोसेकंद थांबून मग शून्य ते पंधरातली चिठ्ठी काढते. एक ठोका नऊ मायक्रोसेकंदांचा. म्हणजे पहिल्या प्रयत्नात आवाजाला सरासरी ४७ ते ४८ मायक्रोसेकंद लागतात, सर्वसाधारणाला ११० आणि पार्श्वभूमीला १४६ च्या आसपास. हे आकडे ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील साध्या उपकरणांसाठी आहेत. अ‍ॅक्सेस पॉइंटला स्वतःसाठी याहून थोडी झुकती मापे असतात.

येथे ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा. वाय-फायमधील प्राधान्य हे आश्वासन नव्हे, झुकते माप आहे. फोटो पाठवणाऱ्या मोबाइलला नशिबाने शून्याची चिठ्ठी आली आणि आवाजाला तीनची, तर फोटो आधी जातो. ८०२.११ई मध्ये खऱ्याखुऱ्या स्टेशनमास्तरचीही तरतूद होती. अ‍ॅक्सेस पॉइंटने प्रत्येकाला नाव घेऊन वेळ वाटून द्यायचा, अशी ती योजना. कागदावर ती अधिक भक्कम होती. बाजारात मात्र ती कधी रुजलीच नाही. गुंतागुंत अधिक होती आणि चिठ्ठ्यांनी काम भागत होते.

जाता जाता एक सूचना. राऊटरमधील डब्ल्यूएमएम बंद केल्यास वेग वाढतो, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो उलटा आहे. ८०२.११एन आणि त्यानंतरच्या वाय-फायचे वरचे वेग डब्ल्यूएमएम सुरू असण्यावरच अवलंबून आहेत. ते बंद केले की पुष्कळ उपकरणे ५४ मेगाबिटच्या जुन्या पायरीवर उतरतात.

शून्याच्याही खाली एक आणि दोन

पॅकेट कोणत्या रांगेत उभे करायचे, हे उपकरणाला कळते कसे? पॅकेटवरच्या खुणेवरून. येथे एक जुना गोंधळ आहे आणि तो जाणत्या तंत्रज्ञांनाही चकवतो.

वाय-फायमध्ये प्राधान्याचे शून्य ते सात असे आठ आकडे आहेत. सहा आणि सात आवाजाच्या रांगेत जातात, चार आणि पाच व्हिडिओच्या, शून्य आणि तीन सर्वसाधारण रांगेत. उरलेले एक आणि दोन पार्श्वभूमीत, म्हणजे शून्याच्याही खाली. ‘थोडे तरी प्राधान्य द्यावे’ म्हणून कोणी एखाद्या कामाला एकचा आकडा दिला, तर ते काम सर्वांच्या मागे जाऊन उभे राहते. लॅटव्हियातील रिगा येथील मायक्रोटिक कंपनीची उपकरणे भारतातील अनेक लहान इंटरनेट पुरवठादार वापरतात. त्यांच्या रांगांच्या मांडणीत पुन्हा एक हा सर्वांत वरचा मान आणि आठ हा सर्वांत खालचा. एकाच खोक्यात दोन उलट्या मोजपट्ट्या नांदतात.

दुसरा चकवा अधिक खोल आहे. इंटरनेटवरील आवाजाच्या पॅकेट्सवर प्रथेप्रमाणे डीएससीपीची ४६ ही खूण असते. अनेक उपकरणे तिच्या सहा बिटांपैकी पहिले तीन घेऊन वाय-फायचा आकडा ठरवतात. ४६ म्हणजे द्विमान पद्धतीत १०१११०. त्यातले पहिले तीन १०१, म्हणजे पाच. आणि पाच ही व्हिडिओची रांग. आवाजासाठी म्हणून काळजीपूर्वक लावलेली खूण आवाजाला आवाजाच्या रांगेत पोचवतच नाही. इंटरनेटची प्रमाणे ठरवणाऱ्या ‘आयईटीएफ’ने २०१८ मध्ये आरएफसी ८३२५ काढून ४६ ची जोड सहाशी घालावी, असे सुचवले. त्यानंतरच्या पुष्कळ उपकरणांत सुधारणा झाली, पण जुनी उपकरणे भिंतीवर आहेत तोवर हा घोळ राहणारच.

शिवाय खूण ही केवळ विनंती असते. घराबाहेर पडल्यावर पुरवठादाराचे नेटवर्क ती बहुधा पुसून टाकते किंवा दुर्लक्षिते. अनोळखी ग्राहकाने स्वतःच स्वतःला दिलेला मान कोण मानणार? त्यामुळे शिकागोहून येणारा आवाज पुण्यातल्या घराच्या दारात कोऱ्या कपाळाने येतो आणि राऊटरने त्याला ओळखून नव्याने खूण केली नाही, तर सर्वसाधारण रांगेत उभा राहतो. उलट दिशेला मोबाइलमधून निघणाऱ्या आवाजावर खूण करणे हे मोबाइलमधील अ‍ॅपच्या हाती असते. तेथे राऊटरची खूण पोचत नाही, कारण ती रांग मोबाइलच्या पोटात असते.

सगळेच घाईत असतील तर

मग प्रत्येकाने आपल्या पॅकेटवर ‘अतितातडीचे’ असा शिक्का मारला तर? आवाजाच्या रांगेत चिठ्ठ्या चारच आहेत. पाच उपकरणे एकदम सरसावली तर किमान दोघांकडे एकच आकडा असणार, हे सांगायला गणिती लागत नाही. टक्कर झाली की चाराच्या आठ चिठ्ठ्या होतात, तेथून पुढे वाढतही नाहीत. सर्वसाधारण रांगेत हीच संख्या गरजेनुसार १०२४ पर्यंत जाते, म्हणून ती गर्दीतही तगते. आवाजाची रांग थोड्या, लहान आणि विरळ पॅकेट्ससाठी बेतलेली आहे. शिवाय त्या रांगेत अनेक उपकरणे पॅकेट्सचा गठ्ठा बांधून एका दमात पाठवत नाहीत आणि आधुनिक वाय-फायचा वेग तर या गठ्ठ्यांतूनच येतो. डाउनलोडला वरचा मान देणारा माणूस त्यामुळे इतरांचे आणि स्वतःचेही नुकसान करतो. मंत्रालयात सगळ्याच फायलींना तातडीची लाल चिठ्ठी लागली की काय होते, याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे पटेल.

समान संधीतही एक अन्याय दडलेला आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनी २००३ मध्ये तो उजेडात आणला. एक लॅपटॉप राऊटरजवळ असल्याने ११ मेगाबिटने बोलतो, दुसरा दूरच्या खोलीत असल्याने एक मेगाबिटने. संधी दोघांना सारखी. दीड हजार बाइटच्या पॅकेटला पहिल्याला सुमारे १.१ मिलिसेकंद लागतात, दुसऱ्याला १२. आळीपाळीने पाठवत गेल्यास १३ मिलिसेकंदांत प्रत्येकाचे एकच पॅकेट जाते आणि दोघांनाही एक मेगाबिटहून कमी वेग मिळतो. जवळचा लॅपटॉप कोणताही दोष नसताना दूरच्याच्या पातळीवर उतरतो. आजच्या वाय-फायचे आकडे यापेक्षा कितीतरी मोठे आहेत, पण प्रमाण तेच राहते. दूरच्या बेडरूममधून चढणारे फोटो हवा अडवून धरतात, ते याच कारणाने.

याला उतारा पॅकेट्स न मोजता वेळ मोजण्याचा. प्रत्येकाला हवेचा सारखा वेळ द्यावा. ज्याचा वेग कमी, त्याची पॅकेट्स कमी जातील. स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठाचे टोके हॉयलँड-योर्गेनसेन, अमेरिकेतील डेव्ह टाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लिनक्समध्ये ही व्यवस्था करून दाखवली. टाट यांचे २०२५ मध्ये निधन झाले. रांगा आखूड करण्याच्या या कामाचा पाठपुरावा त्यांनी अनेक वर्षे चिकाटीने केला होता.

रांग नेमकी कोठे लागते?

प्राधान्याचा सारा खटाटोप करूनही फरक पडत नाही, याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे रांग भलत्याच ठिकाणी लागलेली असते. राऊटर आपल्या दारात शिस्तीने चार रांगा लावतो, पण त्याच्यापुढे मोडेम असते आणि राऊटरपासून मोडेमपर्यंतची तार पुढच्या वाटेपेक्षा कितीतरी वेगवान असते. राऊटरपाशी कोणी थांबतच नाही. सारी पॅकेट्स धावत जाऊन मोडेमच्या एकाच भल्यामोठ्या रांगेत कोंबली जातात आणि तेथे मान-अपमान काही नसतो.

ही रांग किती मोठी असू शकते? समजा, मोडेममध्ये २५६ किलोबाइट एवढी जागा आहे आणि अपलोडचा वेग दोन मेगाबिट आहे. जागा भरली की शेवटी आलेल्या पॅकेटला एक सेकंदाहून किंचित अधिक थांबावे लागते. संभाषणाला परवडणारा उशीर १५० मिलिसेकंदांचा. स्मृती स्वस्त झाली तसे उत्पादकांनी एकही पॅकेट वाया जाऊ नये म्हणून मोठमोठ्या जागा ठेवल्या आणि भल्या हेतूने नेटवर्क मंद केले. बेल लॅब्समध्ये काम करणाऱ्या जिम गेटिस यांना २०१० मध्ये स्वतःच्या घरातील जोडणी तपासताना हा प्रकार दिसला. त्यांनी त्याला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. मराठीत ‘रांगेला आलेली सूज’ म्हणता येईल.

त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ हा उपाय सुचवला. रांग किती लांब आहे हे न पाहता पॅकेट किती वेळ थांबले ते पाहायचे. थांबणे सतत पाच मिलिसेकंदांच्या वर राहू लागले की काही पॅकेट्स टाकून द्यायची. पाठवणारा संगणक त्यातून इशारा घेतो आणि वेग आवरतो. पॅकेट मुद्दाम टाकून नेटवर्क सुधारते, हे ऐकायला विपरीत वाटते. पण इंटरनेटची वाहतूक याच इशाऱ्यावर चालते. पुढे प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र छोटी रांग देणारी त्याची ‘एफक्यू-कोडेल’ ही सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ‘केक’ हे तिचे अधिक सोयीचे रूप लिनक्समध्ये आले. मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीत ही दोन्ही उपलब्ध आहेत. येथे कोणाला मान द्यायचा, हे सांगावेच लागत नाही. थोडी आणि विरळ पॅकेट्स पाठवणारा, म्हणजे आवाज, आपोआप पुढे निघतो. घरगुती वापरासाठी खुणांच्या जंजाळापेक्षा हा मार्ग खचितच बरा.

मात्र त्यासाठी रांग आपल्या ताब्यात आणावी लागते. त्याची रीत थोडी कंजूषपणाची आहे. प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या नव्वद-पंच्याण्णव टक्के एवढीच मर्यादा राऊटरवर स्वतःहून घालायची. मग अरुंद जागा मोडेमऐवजी राऊटरवर तयार होते, रांग तेथे लागते आणि तेथे शिस्त चालते. मायक्रोटिकच्या ‘क्यू ट्री’मध्ये ही कमाल मर्यादा न घालता नुसते प्राधान्याचे आकडे भरले तर ते निरुपयोगी ठरतात. अपुऱ्या माहितीवर केलेल्या कित्येक जोडण्यांत नेमकी हीच रकाना रिकामी आढळते. वाय-फायच्या बाबतीत ही रीत अर्धीच लागू पडते, कारण हवेचा वेग क्षणाक्षणाला बदलतो. दार लावले, माणूस मध्ये उभा राहिला, शेजारच्याचा राऊटर बोलू लागला की काल घातलेली मर्यादा आज चुकीची ठरते.

डोंगरांपलीकडचा डॉक्टर

लांब पल्ल्याच्या बिनतारी जोडणीत ही चिठ्ठ्यांची पद्धतच कोलमडते. ती एका खोलीसाठी बेतलेली. दोन मनोऱ्यांमध्ये दहा-पंधरा किलोमीटर अंतर असले की एकाने बोललेले दुसऱ्याला वेळेत ऐकू येत नाही आणि पोच मिळण्याआधीच पाठवणारा धीर सोडतो. आयआयटी कानपूरमध्ये काम करताना भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू या प्राध्यापकांनी, जे पुढे आयआयटी मुंबईत आले, २००५ मध्ये यासाठी वेगळी पद्धत मांडली. मनोऱ्यावरच्या सर्व जोडण्यांनी एकदम बोलायचे, मग एकदम ऐकायचे. चिठ्ठी नाही, आळीपाळी.

तामिळनाडूतील थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयात या विचाराला प्रत्यक्ष रुग्ण मिळाले. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील एरिक ब्रूअर यांच्या गटाने रुग्णालयापासून आसपासच्या दृष्टी केंद्रांपर्यंत स्वस्त वाय-फाय उपकरणांच्या दूरवरच्या जोडण्या उभारल्या. खेड्यातला रुग्ण केंद्रात बसून रुग्णालयातील डॉक्टरशी व्हिडिओवर बोलू लागला. त्यांच्या ‘वाइल्डनेट’ने २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत दोन ते पाच पट वहनक्षमता दिली. खर्चिक यंत्रणा नव्हती, हवेच्या वेळेची वाटणी तेवढी निराळी होती. डोळा दाखवायला तालुक्याच्या गावी जाऊन मजुरीचा दिवस बुडवायचा की नाही, हे त्या वाटणीवर ठरत होते.

गंमत अशी, की मनोऱ्यांवर आलेला हा स्टेशनमास्तर आता घरातही येत आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११एएक्स, म्हणजे ‘वाय-फाय ६’ मध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट एकाच क्षणी हवेचे लहान तुकडे पाडून वेगवेगळ्या उपकरणांना नेमून देऊ शकतो आणि कोणी कधी पाठवायचे हेही सांगू शकतो. मात्र जुनी उपकरणे त्याचा हुकूम जाणत नाहीत. ती आपली चिठ्ठ्या काढतच राहतात.

घरात मोकळीक, बाहेर मनाई

घरात कोणाला पुढे घ्यायचे, हा घरच्यांचा प्रश्न. पुरवठादाराने ते ठरवायचे का, हा मात्र सार्वजनिक वादाचा विषय आहे. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशी केंद्राने जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परवान्यांच्या अटी बदलल्या. आशय पाहून एखाद्याला अडवणे, मंद करणे वा झुकते माप देणे पुरवठादारांना वर्ज्य झाले. गर्दीच्या वेळी वाजवी वाहतूक नियंत्रण करण्यास मुभा आहे, पण ते प्रमाणशीर, तात्पुरते आणि उघड असावे. काही विशेष सेवांना यातून सूट मिळू शकते. ‘वाजवी’ या शब्दाची व्याप्ती किती, यावर खरा झगडा होत राहील. कारण रांग लावणाऱ्याच्या हेतूची खूण पॅकेटवर कुठेच उमटत नाही.

आपल्या घरातली रांग मात्र कोणालाही पाच मिनिटांत शोधता येते. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून एकीत राऊटरच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ ला, आणि दुसरीत बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाला ‘पिंग’ सुरू ठेवावे. मग दुसऱ्या खोलीतल्या मोबाइलवरून मोठा व्हिडिओ चढवायला लावावा. राऊटरचा आकडा दोन-चार मिलिसेकंदांवर स्थिर राहून बाहेरचा वीसावरून पाचशेवर गेला, तर रांग मोडेमपाशी किंवा त्याच्या पलीकडे आहे. तेथे वेगाची मर्यादा आणि ‘केक’ उपयोगी पडतील. राऊटरचाच आकडा उसळ्या मारू लागला, तर रांग हवेत आहे. अशा वेळी महाग योजना घेण्यापूर्वी राऊटर त्या खोलीजवळ आणून ठेवावा, नाहीतर टीव्हीला सरळ तार जोडून टाकावी. हवेतून एक बोलणारा कमी झाला की उरलेल्यांच्या चिठ्ठ्या लवकर लागतात.